चौकशीत आई ‘सरी’ म्हणाली

आईचे दोन्ही हात खाटेच्या दांड्याला बांधले होते. बँडेजच्या पट्टीनं. मी डबा घेऊन वॉर्डात शिरले, तर ती ओल्या चादरीवर पडलेली. मी गाठी सोडायला लागले तशी नर्स ओरडली, “हात लावू नका! तुमची आई सारखी बोंबलते, उठून पळते.” तरी मी गाठी सोडल्या.

आई लघवीला जायचं म्हणत होती. मराठीत. तापात तिची कन्नड हरवली होती आणि तिथं मराठी कुणालाच कळत नव्हती. एका नर्सवर अख्खा वॉर्ड होता, तेही मला दिसत होतं. पण म्हणून माणसाला गुरासारखं बांधायचं?

मी दवाखान्याच्या ऑफिसात तक्रार केली. चौकशीला साहेब आले तेव्हा आईचा ताप उतरला होता. मला म्हणाले, “तुम्ही बाहेर थांबा. तिला शिकवाल.” आत खाटेशी तीच नर्स उभी. मी दारातून ऐकत होते.

“अम्मा, चेन्नागी नोडकोंडरा?” नीट सांभाळलं का, असं त्यांनी विचारलं.

“सरी, अण्णा. सरी,” आई म्हणाली. आणि मनगटं चादरीखाली घेतली.

जन्मभर ती यशवंतपूरच्या बाजारात कांदे निवडायची. मुकादम खेकसला की सरी. घरमालकानं पाणी तोडलं तरी सरी. सरी म्हणजे ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं. आम्हालाही तेच सांगायची, “मोठ्या माणसाशी वाद नको गं. सरी म्हणायचं नि सुटायचं.” पिढ्यान्‌पिढ्या या शहरात राहून आम्ही कन्नडमधला हाच एक शब्द सगळ्यात पक्का शिकलो.

साहेब बाहेर आले. “पेशंटचीच तक्रार नाही. तुम्ही कशाला रडता?” पुढं उत्तर आलं: आरोपात तथ्य आढळले नाही.

घरी आणल्यावर मी आईवर चिडले. खरं का नाही सांगितलंस? ती हळूच म्हणाली, “ती बाई तिथंच उभी होती गं. साहेब गेल्यावर मला तिच्याच हाताखाली राहायचं होतं.”



दिवाळीआधी आई गेली. शेवटची आंघोळ घालताना मी तिची मनगटं पाहिली. वळ फिके झाले होते. जो काही पुरावा होता तो तिच्याबरोबर जळला. मी खूप रडले. अजून रडते.

मी पुन्हा तक्रार घेऊन वरच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब गोड बोलणारे होते. खुर्ची दिली. “आई तर आता नाही. हे मिटवून टाकू. सरी ना, अक्का?”

शब्द ओठावर आलाच होता. सवयीचा. मी तो गिळला.

“सरी नाही,” मी म्हणाले. “गाठी मी सोडल्यात. मला विचारा. आणि विचाराल तेव्हा दवाखान्याचं माणूस शेजारी उभं नको.”

त्यांनी अजून विचारलेलं नाही. मी घरून, बनशंकरीहून बस पकडून जाते, त्यांच्या दारात बसते. बोलावलं तरी जाणार, नाही बोलावलं तरी जाणार. आमच्या घरातली सरी आईबरोबर गेली.