गाडी तीच, लोगो दुसरा

बहिणीच्या लग्नात गाडी द्यायचं ठरलं तेव्हा घरात गाड्यांमधलं कळणारा मी एकटाच होतो, आणि तिथंच घात झाला. भूमच्या सोयऱ्यांनी हुंडा नको म्हणून मोठेपणानं सांगितलं होतं. मांडवापुढं एक गाडी तेवढी उभी राहिली पाहिजे. गाडीचं नाव, रंग, सगळं त्यांनीच ठरवलं. ती छोटी एसयूव्ही सोलापूरच्या शोरूममध्ये मिळायला चार महिने लागणार होते आणि लग्न तीन आठवड्यांवर आलेलं.

मग मी डोकं चालवलं. दोन कंपन्यांनी भागीदारीत एक कारखाना काढलेला, तिथंच ही गाडी तयार होते आणि दोघी ती आपापल्या नावानं विकतात. इंजिन तेच, पत्रा तोच; फक्त पुढची जाळी आणि लोगो वेगळा. दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये ती त्याच रंगात उभी होती. वडील म्हणाले, त्यांना एकदा विचार. मी म्हणालो, विचारायचं काय त्यात, गाडी तीच आहे. अख्ख्या तामलवाडीत माझ्यासारखा दीडशहाणा दुसरा नसेल.

लग्नादिवशी हार घातलेल्या गाडीभोवती बहिणीच्या सासऱ्यांनी एक फेरी मारली, लोगोपाशी थांबले आणि तसेच मांडवात गेले. पोरीच्या बापानं हलका माल गळ्यात मारला, अशी वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. मी एकेकाला गाठून भागीदारी समजावत सुटलो. अक्षता पडल्या तेव्हाही मी कुणाला तरी इंजिन सांगत होतो.

पुढं बहीण माहेरी आली ती एसटीनं. तिला त्या गाडीत बसू देत नाहीत, सासू आणि जाऊ तिच्याशी बोलत नाहीत, एवढं तिनं आईला सांगितलं. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला, कारण माझंच खरं होतं. ती सासरी परतल्यावर मी शोरूममधून गाडी कुणी बनवली ते छापलेले कागद मिळवले, येतोय म्हणून सकाळी तिला फोन केला आणि भूम गाठलं.

सासऱ्यांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचले. “बरोबर हाय तुमचं, पाव्हणं,” ते म्हणाले. “गाडी तीच हाय. पर आता गावाला कोण वाचून दाखवणार?”

मला जिंकल्यासारखं वाटलं. चहा घेऊन निघालो तर बहीण मागोमाग फाटकापर्यंत आली. तिच्या हातात भरलेली पिशवी होती.

“दादा, म्या सकाळीच कपडे भरले. मला वाटलं, मला न्यायला यायलास.”

मी म्हणालो, असं मध्येच नेलं तर लोक नावं ठेवतील, पंचमीला रीतीनं न्यायला येतो. ती मान हलवून आत गेली. तिला तशीच एसटीत बसवून आणायला हवं होतं. तेवढीही अक्कल मला नव्हती, आणि याची लाज आता मरेपर्यंत जायची नाही.

पंचमीला गेलो. सासऱ्यांनी दारातूनच सांगितलं, यंदा पाठवत नाही. मी तिला दोनदा हाक मारली. ती आत चुलीपुढं बसलेली मला दिसत होती. तिनं मान वर केली नाही.