बाकावरून उठलेले सर

कुशीला चीर देऊन मुतखडा काढण्यात बडोद्यात सरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तरी पन्नाशीला आल्यावर त्यांनी ती पद्धत सोडली आणि दुर्बिणीचं तंत्र शिकायला आपल्याहून बऱ्याच लहान डॉक्टरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. कोणी विचारलं तर म्हणत, "माझी चीर वीतभर. खडा जातो, चीर जन्मभर राहते."

तरसालीतलं त्यांचं घराणं संस्थानच्या फौजेतलं. आवाज कवायतीचा, पण पेशंटशी गुजरातीत बोलायला लागले की एकदम मऊ व्हायचा. मी त्यांच्याकडे शिकायला आले तेव्हा या शाखेत बाई कशाला, असं बरेच जण म्हणत. सरांनी एवढंच विचारलं, की एक्स-रेसाठीचा शिशाचा एप्रन घालून तासन्‌तास उभं राहावं लागतं, पाठ साथ देईल ना?

मी एकटीने हाती घेतलेली पहिली शस्त्रक्रिया मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या काकांची. पाठीतल्या छोट्या छिद्रातून दुर्बीण मूत्रपिंडात गेली, निम्मा खडा फुटला, आणि रक्त येऊन पडद्यावर सगळं लाल झालं. मला काम पुरं करायचंच होतं. सर मागे उभे होते.

"बाहेर ये," ते शांतपणे म्हणाले. "खडा कुठे पळून जात नाही."

नळी ठेवून आम्ही थांबलो. काकांच्या पत्नीला सरांनीच समजावलं, "थांबायचं मी ठरवलं, आणि उरलेला खडा हीच डॉक्टर काढेल." काही दिवसांनी मी तो काढला. सर आत फिरकलेही नाहीत.

गेल्या वर्षी शस्त्रक्रिया चालू असताना सरांनी अचानक दुर्बीण माझ्या हातात दिली. बोटं किंचित थरथरत होती म्हणे. आम्हाला कोणालाच दिसलं नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "मला जाणवलं. पेशंटला जाणवायच्या आत सोडतो." तपासणीत वयाचा कंप निघाला, काळजीचं काही नव्हतं. पण त्यांनी पुन्हा दुर्बिणीला हात लावला नाही. आता गोत्रीला राहतात, बागकाम करतात, आणि घाबरलेल्या पेशंटांना धीर द्यायला अधूनमधून आमच्याकडे येतात.

मागच्या महिन्यात काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, खडा झाला. शहरात नावाजलेले डॉक्टर पुष्कळ. सर काकूंना घेऊन माझ्याकडे आले. शस्त्रक्रिया आटोपून मी बाहेर आले, तर इतर नातेवाइकांसारखे तेही बाकावरून उठून उभे राहिले.

"खडा निघाला, सर. काकू ठीक आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग बसू का आता?" म्हणाले.