सुमीच्या कमरेची घंटा

परवा रामनगरच्या घरी गोठा झाडताना वासराची जुनी घंटा हाताला लागली. रानात गुरं चुकू नयेत म्हणून बांधतात तसली. लहानपणी आम्ही दिल्ली बघायला गेलो, तेव्हा आईनं ती माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमीच्या कमरेला बांधली होती. लाल किल्ल्यातल्या गर्दीत घंटेचा आवाज एकाएकी थांबला. बाबा हाका मारत धावले. आई मात्र माझं मनगट आवळून, डोळे मिटून, नुसती कान देऊन उभी राहिली.

सुमी खांबाआड सापडली, घंटा मुठीत गच्च दाबलेली.

"लोकं हसत्यात," ती रडवेली होऊन म्हणाली.

"हसू देत," आईनं तिची मूठ सोडवली. "तू वाजत ऱ्हा."

सुमी आता लग्न होऊन पुण्याला असते. मी घंटा सहज हलवली, तर आतून आईनं विचारलं, "सुमी आली व्हय?"