मंगळवारच्या अकरा रेकॉर्ड्स

तुमच्यातल्या थोरलीने मागच्या रविवारी फोनवर विचारलं, "आजी, मी टर्नटेबल घेतलंय. सोल आणि फंकचे एसेन्शियल अल्बम कुठले गं? नेटवर शंभरांची लिस्ट आहे, पण आई म्हणाली तुला विचार."

माझ्याकडे अकरा आहेत. जाणकारांच्या यादीत त्यातले किती असतील ते मला माहीत नाही. पण त्या माझ्याकडे कशा आल्या हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. धाकट्याला वाचताना अडलं तर थोरलीने वाचून दाखवावं.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आम्ही राहायचो ते घर म्हणजे एका छपराखाली दोन घरं होती आणि मधली भिंत सामाईक. भिंतीपलीकडे साठीला आलेलं एक काळं जोडपं राहायचं. यजमान शहराची बस चालवायचे, आणि बाई एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. मला बर्फात गाडी चालवायला त्या बाईंनी शिकवलं. तुमची आई चार वर्षांची होती, तिला ताप आला की मी कामावर जाऊ शकायचे ते त्यांच्या जिवावर. त्या मला हनी म्हणायच्या. मला सुरुवातीला ते फार जवळिकीचं वाटलं, मग कळलं की त्या पोस्टमनलाही हनीच म्हणतात.

त्यांच्या दिवाणखान्यात खिडकीपासून दारापर्यंत एक बुटकं, लांबलचक कपाट होतं, आणि त्यात रेकॉर्ड्स. अडीचशेच्या आसपास, जवळजवळ सगळ्या सोल आणि फंकच्या, म्हणजे काळ्या अमेरिकी गायकांच्या आणि ठेकेबाज बँडच्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. माझ्या दृष्टीने तो भिंतीतून येणारा आवाज होता. कधी त्या आवाजाने आमच्या फळीवरचे स्टीलचे पेले किणकिणायचे, तेव्हा तुमचे आजोबा म्हणायचे, "चला, आपल्या भांड्यांनाही ठेका कळायला लागला."

एका ऑक्टोबरमध्ये बाईंचे यजमान गेले. महिनाभर भिंत गप्प होती. मग पुन्हा गाणी सुरू झाली, पूर्वीच्याच वेळांना.

फेब्रुवारीत बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दहा दिवस त्या हॉस्पिटलमध्ये होत्या आणि झाडांना पाणी घालायला घराची किल्ली माझ्याकडे होती. पाणी घालून झाल्यावर मी त्या कपाटासमोर उभी राहिले. आता हे लक्षात ठेवा की मी पुण्यात ग्रंथपालाचा अभ्यासक्रम केला होता, आणि तेव्हा तिथल्या गावच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करत होते. मला ते कपाट बघवेना. एकाच गायिकेच्या चार रेकॉर्ड्स चार टोकांना. दोन बँडच्या मधे एक एकटा गायक. वर धूळ. मनात आलं, या बाईंनी आपल्यासाठी इतकं केलं, आपणही काहीतरी करावं.

दोन दुपारी खपून मी सगळ्या रेकॉर्ड्स पुसल्या आणि आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावल्या. प्रत्येक अक्षरासाठी जाड कार्ड कापून त्यावर लायब्ररीतल्या टाइपरायटरवर अक्षर टाइप केलं. बँडला आडनाव नसतं, तेव्हा काय करायचं याचा मी गंभीरपणे विचार केला, हे आज आठवून हसू येतं.

बाईंना घरी मीच आणलं. वॉकर टेकत त्या सरळ कपाटाशी गेल्या, न बघता हात घातला, एक रेकॉर्ड काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. मग कार्डांवरून नजर फिरवली.

"हनी, हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं. मला खूप अभिमान वाटत होता. "आता कुठलीही रेकॉर्ड अर्ध्या मिनिटात सापडेल."

"सापडेल," त्या म्हणाल्या. "पण मला कधी शोधावी लागत नव्हती."

मग खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं. कपाटाला क्रम होता. त्यांच्या यजमानांनी तीस वर्षांत लावलेला. खिडकीपाशी शनिवार सकाळ, म्हणजे झाडलोटीच्या रेकॉर्ड्स. मग शनिवार दुपार, मग रविवारी चर्चहून आल्यावरच्या, आणि असं करत करत दारापाशी शुक्रवार संध्याकाळ. आठवड्याप्रमाणे हात सरकवत जायचं, बस. आणि मधे कुठेतरी मंगळवार होता. मंगळवार यजमानांच्या सुट्टीचा दिवस. बाई कामावर असायच्या, मग घरी एकटे बसून ते काय ऐकायचे हे बाईंना कधी कळलंच नव्हतं. त्या जागेला बाईंनी ऑक्टोबरपासून हात लावला नव्हता. गुडघ्यामुळे नोकरी सुटणारच होती. सुटली की मंगळवारी दुपारी बसायचं आणि ते ज्या क्रमाने ऐकायचे त्या क्रमाने ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "धूळ तरी गेली."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आम्हाला पुण्यात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: कुठलाही संग्रह हलवण्याआधी तो होता तसा लिहून ठेवा. मी पुण्यात आणि तिथल्या लायब्ररीतही तो नियम कधी मोडला नव्हता. बाईंच्या घरी मोडला, कारण त्या कपाटाला क्रम असेल असं मला वाटलंच नाही. अक्षरं सोडून दुसरा क्रम असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांना लेबलं लावलीस, मी काही बोललो नाही. माझे मोजे रंगांप्रमाणे लावलेस, तेव्हाही नाही. पण अगं, लोकांच्या घरात?"

"धूळ होती हो."

"धूळ पुसायची. तू तर राज्यच ताब्यात घेतलंस."

पुढच्या शनिवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. नऊ वाजले तरी भिंतीतून काही आलं नाही. आणि माझं लाटणं अडखळायला लागलं. माझ्या लक्षात आलं की मी वाट बघत होते. पहिल्यांदा तो जाड बेस, पेले हलवणारा, आणि पोतं उचलल्यासारखा हुंकार देणारा माणूस, तेवढ्यात माझ्या पोळ्या लाटून व्हायच्या. मग पितळी वाद्यांचा ताफा आला की मी कुकर लावायचे. मग ती खर्जातली बाई आली की वरणाला फोडणी. तीन वर्षं मी ते ऐकत नव्हते अशी माझी समजूत होती.

गॅस बंद केला, हात धुतले आणि वही घेऊन शेजारी गेले.

"शनिवार सकाळ," मी म्हटलं. "एक नंबर, पोतं उचलणारा माणूस. दोन नंबर, एकदम बारा जण वाजवतात आणि मधेच सगळे थांबतात, तो."

बाईंनी विचारलं, "तो थांबतो तो कुठला? थांबणारे पुष्कळ आहेत."

तेव्हा मला गुणगुणून दाखवावं लागलं. शाळेत प्रार्थनेला मला मागच्या रांगेत उभं करायचे, त्याला कारण होतं. बाई गुडघा धरून हसल्या. "हनी, त्या बिचाऱ्याला हे कळलं तर तो मिनेसोटात पुन्हा पाऊल ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ओळखलं. 'बी' अक्षराच्या कार्डाखाली बघ. घे, तुझ्या अक्षरांचाही उपयोग झाला."

पाच-सहा आठवडे आमचं हे चाललं. अर्धं त्यांना आठवायचं, अर्धं मला माझ्या स्वयंपाकावरून. रविवारी जेवायला बसताना कोण गायचं, सोमवारी तुमच्या आईच्या अंघोळीच्या वेळी बायकोला परत ये म्हणून विनवणारा तो बारीक आवाजाचा गायक कुठला. कार्डं वाया जाऊ नयेत म्हणून मी ती उलटी केली आणि मागे वार लिहिले.

शेवटी अकरा रेकॉर्ड्स उरल्या. त्यांनाही माहीत नाहीत, मलाही नाहीत. मंगळवारी माझीही लायब्ररी असायची. म्हणजे याच त्या. पण त्यांचा क्रम सांगणारं कोणी नव्हतं. तो मी घालवला होता, आणि माझ्या वहीत तो येणार नव्हता.

बाईंनी त्या मांडीवर घेतल्या, एकेक कव्हर पाहिलं. मग म्हणाल्या, "मंगळवारी दोनला ये. चहा तुझा."

लायब्ररीत सांगून मी मंगळवारचा बुधवार करून घेतला. आम्ही त्या अकरा रेकॉर्ड्स सगळ्या उलटसुलट ऐकल्या आणि क्रमावरून मनसोक्त भांडलो. पहिली नुसत्या ऑर्गनची, कारण चहा ओतेपर्यंत बोलणं थांबत नाही. तिसरी कव्हरवरच्या हिरव्या गाऊनवाल्या बाईची. ती एकच ओळ सात वेळा म्हणते आणि दर वेळी तिला नवीन काहीतरी कळलेलं असतं. सहावी फंकची, बाईंनी ती वॉकर सोडून चालायच्या सरावासाठी ठेवली. त्या ठेक्यावर त्या खोलीभर पहिल्यांदा चालल्या तेव्हा मी मागे खुर्ची धरून चालत होते. शेवटची मात्र आम्ही दोघींनी न भांडता ठरवली. त्यात एक म्हातारा गायक हळू आवाजात गातो, आणि बाजू संपल्यावर सुईची खरखर ऐकत बसलं तरी चालतं.

"तो याच क्रमाने ऐकत असेल का?" मी एकदा विचारलं.

"छे," त्या म्हणाल्या. "तो पहिल्यांदा फंक लावत असेल आणि पायजम्यात नाचत असेल. म्हणून तर मला सांगितलं नाही."

काही वर्षांनी त्या दक्षिणेत मुलीकडे राहायला गेल्या. कपाटही गेलं, शनिवार ते शुक्रवार, वारांच्या कार्डांसकट. जाताना त्या अकरा रेकॉर्ड्स त्यांनी माझ्या हातात दिल्या. "बाकीचा आठवडा त्याचा आणि माझा," त्या म्हणाल्या. "मंगळवार तुझा-माझा झालाय."

त्या आता तुमच्याकडे पाठवते आहे. नावं इथे लिहीत नाही, कव्हरवर आहेत. मी त्या कधी आद्याक्षराप्रमाणे लावल्या नाहीत. सगळ्यात वर ऑर्गन, सगळ्यात खाली म्हातारा. तुम्ही तुमचा क्रम लावा, मला चालेल. खोक्यात भरण्याआधी मी आमचा क्रम वहीत उतरवून ठेवला आहे.