खाणीच्या गावातला रविवार

जपानमधल्या त्सुकुबाहून, आमच्या घरून, निघालो तेव्हा नवऱ्याचा मूड फारच चांगला होता. का, ते घाट चढताना कळलं. कंपनीशी त्याने आणखी तीन वर्षांचा करार केला होता. सहीसुद्धा झाली होती.

"मला विचारलं नाहीस?"

"अगं, सरप्राइज द्यायचं होतं."

पुण्यात मी दातांची डॉक्टर होते. दोनच वर्षं जायचंय म्हणून चालता दवाखाना मैत्रिणीच्या हाती देऊन आले होते. इथे माझी डिग्री चालत नव्हती. जेवणाचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात मी भात भरायचे.

डोंगराच्या उतारावरचं ते गाव एके काळी सोन्यासाठी धावत आलेल्या माणसांनी भरून गेलं होतं. आता त्याच जुन्या लाकडी घरांत कुंभारांची, विणकरांची दुकानं होती. "आधी खाण बघू," नवरा म्हणाला.

आत जायचा रस्ता एकाच दिशेचा. बोगदा इतका अरुंद, की दोघांना शेजारी चालता येईना. मागे सहलीला आलेल्या म्हाताऱ्यांची रांग. एका कोनाड्यात खाणकामगाराचा यांत्रिक पुतळा मान हलवत तेच तेच वाक्य म्हणत होता.

"काय म्हणतोय?"

"लवकर बाहेर पडायचंय म्हणतोय," नवरा हसला.

माझे पाय तिथेच थिजले. पुढे जाववेना, मागे वळायला जागा नाही.

"चल ना, लोक थांबलेत," तो कुजबुजला.

"मलाही बाहेर पडायचंय," मी मोठ्याने म्हणाले. "नुसतं या बोगद्यातून नाही."

त्याचं हसू मावळलं. मागच्या एका आजींनी काही न विचारता माझा हात धरला आणि हळूहळू चालवत मला उजेडात आणलं.

समोरच्या दुकानातल्या कुंभारणीने आम्हाला बाकावर बसवलं आणि खाणीतल्या तांबड्या मातीच्या कपांतून चहा दिला.

"कंपनीला आता काय सांगू?" त्याने विचारलं.

"काही नको. तू राहा, मी जाते."

"एकटी?"

"दवाखाना एकटीच चालवत होते की."

तो कप हातात फिरवत राहिला. "आणि मी तीन वर्षं इथे एकटा काय करू?"

"मी इथे काय करते, हे कधी विचारलंस?"



चार महिन्यांनी मी पुण्याला परतले. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला, डाळीला किती शिट्ट्या द्यायच्या म्हणून. मी सांगितलं. मग फोन न ठेवता त्याने विचारलं, "आज दवाखान्यात काय केलंस?"