बुटका ओटा

माझी उंची चार फूट आठ इंच. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घराची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

घर बघायला कुणी आलं की माझा नवरा त्यांना आधी गच्चीवर नेतो. उतार कसा दिलाय, टाकी कुठे बसवलीय, हे सगळं तो अशा थाटात दाखवतो, जणू ओळंबा त्यानेच धरला होता. मी खाली वाट बघत थांबते. मंडळी जिना उतरली की त्यांना स्वयंपाकघरात नेते आणि ओट्याशी उभी राहते. बहुतेकांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो. ज्यांची माझ्याशी सलगी आहे ते विचारूनही टाकतात, "मिस्त्रीचं माप चुकलं का गं?"

चुकलं नाही. अख्ख्या घरात तेवढं एक माप मी स्वतः घेतलंय आणि ते सुताइतकंही चुकलेलं नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगते.

मी घरी ब्लाउज शिवते. लग्नाच्या आधीपासून शिवतेय. गळ्यात टेप नसेल तर मला काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहतं. इतक्या बायकांची मापं घेतली, पण दोघींचे खांदे कधी सारखे निघाले नाहीत. एकीचा खांदा उतरलेला, दुसरीची पाठ रुंद, तिसरीचा उजवा दंड डाव्याहून जाड. अर्ध्या इंचासाठी या बायका माझ्या दारात तीन-तीनदा येतात, भांडतात, उसवून घेतात. त्याच बायका घरी जाऊन भलत्याच कुणाच्या उंचीच्या ओट्यापुढे जन्म काढतात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मीही त्यांतलीच होते.

विरारला आम्ही भाड्याच्या घरांत राहिलो. घरं बदलली तरी ओटा माझ्या कोपराशीच यायचा. त्यावर शेगडी, शेगडीवर कढई, मग कढईत काय चाललंय ते मला वासावरून कळायचं. म्हणून जेवायला बसायचा एक पाट ओट्याखाली आला तो कायमचाच. पाटावर चढायचं, फोडणी घालायची, उतरायचं, सिंकपाशी जायचं, परत चढायचं. पुढे पुढे तर माझा पाय खाली न बघताच पाट चाचपून घ्यायला शिकला. एकदा ओल्या फरशीवर तो पाट सरकला आणि उकळतं वरण माझ्या उजव्या हातावर आलं. कोपराभोवती डाग राहिला. तेव्हापासून मी माझ्या ब्लाउजांच्या बाह्या कोपराखालपर्यंत शिवते. गिऱ्हाइकांना ती फॅशन वाटली आणि काहींनी तशा बाह्या शिवूनही घेतल्या. मी कशाला सांगतेय!

हात बरा होत होता तेव्हाच मनाशी ठरवलं की कधी स्वतःचं घर झालंच, तर त्या घरात मी पाटावर उभी राहणार नाही. इटालियन लादी नको, पीओपी नको, झुंबर नको. एवढं एक मात्र हवंच.

मग वसईत होळी म्हणतात त्या भागात, भाजीच्या आणि फुलांच्या वाड्यांच्या कडेला आम्हाला लहानसा प्लॉट मिळाला. शेजारच्या वाडीतल्या काकांनी पहिल्याच दिवशी आपल्या घराच्या भिंतीवरची मळकट रेघ दाखवली. "पानी इथवर आलेलं. जोतं हिच्यावर घ्या, मग बाकी तुमच्या मनासारखं करा," म्हणाले. आम्ही ते मुकाट्याने ऐकलं. जोतं एवढं वर घेतलं की दाराशी चांगल्या पाच पायऱ्या आल्या. बोअरचं पाणी मचूळ निघालं, तेव्हा काँक्रीटसाठी टँकरने गोडं पाणी आणलं, कारण खारं पाणी आतल्या आत सळ्या खातं. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे खोल काढले, म्हणजे पावसाची झड थेट आत येणार नाही. या सगळ्यात मी, नवरा आणि आमचा कॉन्ट्रॅक्टर, तिघांचं एकमत होतं. कॉन्ट्रॅक्टर जवळच्याच गावचा, बोलायला गोड आणि कामाला चोख माणूस. आमचं बिनसलं ते फक्त ओट्यावरून.

"वहिनी, स्टँडर्ड चौतीस इंच असतं," तो म्हणाला. "सब जगह वही चलता है."

"स्टँडर्ड म्हणजे कुणाचं माप?"

"म्हणजे... सगळ्यांचं."

"त्या सगळ्यांत मी आहे का?"

तो हसला. मी नाही हसले. तिथल्या तिथे भिंतीला पाठ लावून उभी राहिले, कोपर वाकवलं आणि नवऱ्याला टेप धरायला लावला. जमिनीपासून कोपरापर्यंत जे काही भरलं, त्यातून शेगडीची उंची वजा केली आणि हात आखडू नये म्हणून थोडं सैल सोडलं, ब्लाउजला सोडतो तसं. उत्तर अठ्ठावीस इंच आलं.

"अठ्ठावीस? वहिनी, त्याला ओटा नाही, बाकडं म्हणतात."

नवरा सहा फुटी. त्याला एकाएकी भविष्याची काळजी लागली. "पुढेमागे घर विकायचं झालं तर गिऱ्हाईक नाक मुरडेल."

"अजून स्लॅब पडला नाही आणि तुम्ही विकायला निघालात!"

सासूबाई गावी दिराकडे असतात. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी फोनवरून विचारलं, "उद्या तुला सून उंच आली म्हणजे?"

"मग ती वाकेल. नाहीतर फोडून दुसरा बांधेल. तिचं घर, तिचा ओटा," मी म्हटलं. मग त्यांनी भात कापणीचा विषय काढला.

शेवटी कॉन्ट्रॅक्टरने मान डोलावली. मी माझा खडू काढला, कापडावर खुणा करायचा तो चपटा, आणि स्वयंपाकघराच्या उघड्या विटांवर अठ्ठावीस इंचांवर सरळ रेघ ओढली. "ही रेघ लक्षात ठेवा," म्हटलं आणि भाचीच्या लग्नाला निश्चिंत मनाने गुहागरला निघून गेले.

परत आले, बॅग दारात ठेवली आणि थेट स्वयंपाकघरात गेले. ओटा तयार होता. काळाभोर कडप्पा बसवून, पुसून, चकचकीत केलेला. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि तो माझ्या कोपराशी आला. भिंतीवरची माझी रेघ गिलाव्याखाली गेली होती. मिस्त्री बदललेला, नव्या मिस्त्रीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचा हात सवयीने चौतिसावर गेला होता. खरं सांगायचं तर रडूच आलं. इतका मोठा खटाटोप करून मी पुन्हा विरारच्याच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले होते.

कॉन्ट्रॅक्टर मान खाली घालून म्हणाला, "सॉरी वहिनी. पण आता झालंय. बघा ना, फिनिशिंग किती मस्त आलंय."

नवऱ्याने माझा चेहरा बघितला आणि त्याला वाटलं आपण मधला मार्ग काढावा. "अगं, त्यात काय एवढं? आपण तुला एक छानसा पाट करून घेऊ. सागवानी. खाली रबर लावून."

सागवानी पाट! त्या दोन शब्दांनी माझं रडू कुठल्या कुठे पळालं. कोपऱ्यात हातोडा पडला होता तो उचलला आणि ओट्यावर घातला. फार काही झालं नाही, कडप्प्यावर पांढरा ओरखडा उठला आणि माझ्या मनगटाला झिणझिण्या आल्या. पण तिथे कुणी हसलं नाही.

"फोडा," मी म्हटलं.

"वहिनी, कडप्पा तुटेल..."

"तुटू दे. फोडा."

पुढचे घाव मिस्त्रीने घातले. नवरा थोडा वेळ बाहेर पायरीवर जाऊन बसला. मग आत आला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि फुटलेलं डबर उचलून बाहेर टाकू लागला. कडप्प्याचे तुकडेही वाया गेले नाहीत. आज आमच्या मागच्या दारी तुळशीभोवती बसवलेले आहेत, आणि ते कुठून आले हे सांगायचं काम नवऱ्याकडे आहे. तो ते रंगवून सांगतो. त्याच्या गोष्टीत ओट्याचे पहिल्याच घावात दोन तुकडे होतात. मी सुधारत नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी दूध उतू घालवायला मी नव्या ओट्याशी उभी राहिले. माझ्याही नकळत उजवा पाय खाली सरकला आणि पाट चाचपडू लागला. पाट नव्हताच. गार फरशी होती, दोन्ही टाचा तिच्यावर टेकलेल्या होत्या, आणि पातेल्यातलं दूध कडेने कसं वर येतंय ते मला वरून दिसत होतं. दूध असं वरून मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी मी आखूड बाह्यांचा ब्लाउज घातला होता, तोही मुद्दाम शिवून. जावेने हातावरचा डाग बघून विचारलं, "हे कधी झालं गं?" मी म्हटलं, "जुन्या घरात."

ओटा खाली आला म्हणून त्यावरची खिडकीही मी खाली घ्यायला लावली होती. चपात्या लाटताना आता मला पलीकडची वाडी दिसते. अनंताची झाडं दिसतात, केळी दिसतात, पाणी सोडायला आलेले काका दिसतात. आणि बुटका ओटा बसायलाही बरा पडतो. माझा लेक त्यावर बसून अभ्यास करतो, नवरा त्यावर बसून मटार सोलतो आणि सोलता सोलता खातो. सासूबाई आल्या तेव्हा दोन दिवस नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी मी उठायच्या आत त्यांनी त्या ओट्यावर सगळ्यांसाठी घावणे काढले होते. त्यांची उंचीही माझ्याएवढीच आहे, हे आमच्या दोघींच्याही कधी बोलण्यात आलं नव्हतं.

कॉन्ट्रॅक्टर मात्र हा ओटा विसरला नाही. पहिल्यांदा तो आपल्या गिऱ्हाइकांना गंमत म्हणून आमच्याकडे घेऊन यायचा. "या वहिनींनी माझा ओटा फोडला," असं हसत सांगायचा. मग त्या गिऱ्हाइकांतल्या बायका ओट्याशी उभ्या राहायच्या, हात टेकवून बघायच्या आणि नवऱ्यांकडे बघायच्या. आता तो प्लॅन काढतानाच विचारतो म्हणे, स्वयंपाक कोण करणार, त्यांना उभं करा. हे मला दुसऱ्यांकडून कळलं आणि माझी छाती अशी फुगली की त्या दिवशी मला माझ्याच ब्लाउजचं माप पुन्हा घ्यावं लागलं असतं.

गेल्या लग्नसराईत तो एका रविवारी बायकोला घेऊन आला. घरचं लग्न होतं, तिला ब्लाउज शिवून हवा होता. ती पहिल्यांदाच आमच्याकडे येत होती. लहानखुरी, माझ्याहूनही बोटभर कमीच. तो बाहेर नवऱ्याशी गप्पा मारत बसला. मी माप घेऊन चहाला उठले तशी ती माझ्यामागोमाग आत आली. "द्या ताई, मी टाकते चाय," म्हणत तिने माझ्या हातून पातेलं घेतलं आणि ओट्याशी उभी राहिली.

तिचा पाय हळूच खाली सरकला. डावीकडे गेला, उजवीकडे गेला, काहीतरी शोधू लागला.

मी एकदम थांबले. तो पाय मला चांगलाच ओळखीचा होता. दारात कॉन्ट्रॅक्टरही उभा होता, पाण्याचा ग्लास मागायला आलेला. त्याची नजर बायकोच्या पावलांवर होती.

"घरी पाट आहे?" मी तिला विचारलं.

ती लाजली. "पाट नाय ताई. इटा हायत दोन. साईटवरच्याच."

"त्या विटा?" कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "मला वाटलं त्या सिलिंडरखालच्या आहेत."

"सिलिंडर तिकडे हाय, कोपऱ्यात," ती सहज म्हणाली आणि चहात साखर टाकू लागली. "उद्या पडले म्हनजे कळेल कोनासाठी होत्या ते." ती हसत होती. तो हसत नव्हता. इतक्या लोकांची स्वयंपाकघरं त्याने बांधली, माझ्या ओट्याची गोष्ट गावभर सांगितली, आणि घरातल्या दोन विटा त्याला दिसल्या नव्हत्या. त्याला टोमणा मारायची एवढी चांगली संधी मला पुन्हा मिळाली नसती. पण त्याचा चेहरा बघून मी ती सोडून दिली.

"फोडतो," तो म्हणाला. "उद्याच फोडतो."

"आता कशाला? इतकी वर्षं चाललंच ना," ती म्हणाली.

मी गळ्यातला टेप काढला. "भाऊ, नुसतं फोडून काय करणार? आधी माप घ्या." तिला ओट्यापासून बाजूला घेतलं, भिंतीला पाठ टेकायला लावली, कोपर वाकवून दिलं आणि टेपचं टोक तिच्या कोपराला लावलं. दुसरं टोक जमिनीवर धरायला मी वाकणार, एवढ्यात तो पुढे आला. इस्त्रीची पँट घालून आलेला तो माणूस दोन्ही गुडघे टेकून बायकोच्या पायाशी बसला आणि त्याने टेप फरशीवर दाबून धरला. तिने त्याला असं बसलेलं पहिल्यांदाच बघितलं असावं. ती अवघडून टाचा उचलून पाय आखडू लागली.

"हलू नको," तो खालूनच म्हणाला. "आणि आता टाचा खाली टेक."