नेटवर बोलायला मनाई होती तेव्हा

रत्नागिरीत एसटी स्टँडमागे माझा एसटीडीचा बूथ होता. २००१ च्या सुरुवातीला तिथेच प्लायवूडचे आडोसे घालून मी दोन कॉम्प्युटर लावले. त्या काळी नेटवरून पत्र लिहायला, फोटो पाठवायला मुभा होती. बोलायला मात्र सरकारची बंदी. लोक नेटवरून बोलू लागले तर परदेशी फोन कोण करणार, हे त्यामागचं साधं कारण. मी माइक काढून ठेवले आणि भिंतीवर ‘नेटवर बोलण्यास सक्त मनाई’ असा कागद चिकटवला. परवाना गेला असता तर घरी बसावं लागलं असतं, आणि घरी बसायची मला मुळीच हौस नव्हती. पण तो कागद दिसला की माझं डोकं फिरायचं. ज्याला लिहिता येतं त्याला नेट उघडं. ज्याला येत नाही त्यानं काय करायचं?

पालीची एक मावशी दर गुरुवारी यायची. तिचा मुलगा आखातात वेल्डर होता. आयएसडीवर बोलताना तिची नजर मीटरवर खिळायची आणि शब्द फुटायचा नाही. म्हणून मीच तिला नेटवर बसवलं. गुरुवारी दुपारी त्याला सुट्टी असायची, तोही तिकडे नेटच्या दुकानात येऊन बसायचा. मावशीला अक्षरओळख नव्हती. त्या खोपटात दोन स्टुलं, गुडघ्याला गुडघा लागायचा. ती सांगायची, “बाय, लिव, जेवलास काय? खोकला बरा हाय काय?” मी ते इंग्रजी अक्षरांत टाइप करायची आणि उत्तर वाचून दाखवायची.

चार-पाच आठवडे ठीक गेले. मग एका गुरुवारी पडद्यावर आलं : ताई, हे मोठ्यानं वाचू नका. मालकानं पासपोर्ट काढून घेतलाय, गावी सोडत नाही. आईला कळलं तर ती अंथरूण धरेल.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. “काय बोलतो गो?”

“मालक चांगला आहे म्हणतो,” मी म्हटलं.

एक थाप मारली की दुसरी मारावीच लागते. तो लिहायचा, रडू येतं, मला इथून काढा. मी वाचायची, आज जेवणात मटण होतं. त्यात मला गोडीही वाटू लागली, हे कबूल करायला हवं. मावशीचा चेहरा खुलायचा आणि आपण फार पुण्याचं काम करतोय असं मला वाटायचं. त्याच भरात मी बोलून बसले, शिमग्याला येतोय.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरी येते, आणि रजा नाकारली तरी मुंबईचा चाकरमानी येतोच. मावशीनं घर सारवलं, साऱ्या वाडीला सांगितलं की पालखीला खांदा द्यायला माझा पोरगा येतोय. पालखी आली नि गेली. नंतरच्या गुरुवारी तिच्याकडे न बघता मी ‘रजा रद्द झाली’ म्हटलं. आता गुरुवार उजाडूच नये असं वाटायचं. खरं सांगावं तर त्याचा विश्वासघात, न सांगावं तर तिचा. मी पुरती अडकले होते.

आणि त्याच एप्रिलात, २००२ साली, सरकारनं बंदी उठवली. इथल्या कॉम्प्युटरवरून तिथल्या कॉम्प्युटरवर खुशाल बोला! ज्यासाठी मी सरकारला वर्षभर शिव्या घातल्या तेच मिळालं आणि आता मला ते नको झालं. भिंतीवरचा कागद काढायला मी मुद्दाम चालढकल केली. पण मावशीला एसटीत कुणीतरी सांगितलंच.

“आज मी सोता बोलनार,” ती आल्या आल्या म्हणाली.

मी काढून ठेवलेला माइक जोडला, तिच्या कानांना हेडफोन लावला, मुलाशी जोडून दिलं आणि आडोशाबाहेर उभी राहिले. “जेवलास काय?” ऐकू आलं. मग ती नुसती ऐकतच राहिली. मध्येच एकदा, “रडू नको रे बाबा, रडू नको.” मग लाइन तुटली आणि ती बाहेर आली.

“तुला ठावं व्हतं?”

मी होकारार्थी मान हलवली. ती ओरडेल, हात उगारेल असं वाटलं. उगारला असता तर बरं झालं असतं. तिनं पदर सारखा केला, पिशवी उचलली.

“म्हंजे वरीसभर तो माझ्याशी बोललाच नाय,” ती म्हणाली. “तूच बोलत व्हतीस.”